घर बंद आढळले

मी एका घराची चौकशी त्या घरी न जाताच लिहिली. बावीस वर्षांच्या नोकरीत असं एकदाच केलं, पण केलं. ही गोष्ट मी कचेरीत कोणाला सांगितली नाही, बायकोला सांगितली नाही, आणि ज्यांना सांगायला हवी होती त्या दोघांना तर नाहीच नाही. या अंकाच्या संपादकांनी 'तुमच्या खात्यातले चटकदार अनुभव लिहा' असं पत्र पाठवलं, तेव्हा मी तसे चार-पाच किस्से काढूनही ठेवले होते. पण लिहायला बसलं की दर वेळी हात अडतो. मग ठरवलं, जे अडतंय तेच लिहावं.

मी परिविक्षा अधिकारी होतो. हा शब्द आमच्या खात्याबाहेर कोणाला नीट उच्चारता येत नाही. कचेरीत आम्हाला पीओ, म्हणजे प्रोबेशन ऑफिसर, म्हणत, वस्तीत 'रिमांडवाले साहेब'. सोळा वर्षांखालचा मुलगा काही करून सापडला, की त्याला पोलीस कोठडीत ठेवायचं नाही, निरीक्षणगृहात आणायचं. तिथं 'कैदी', 'शिक्षा' हे शब्द वापरायला बंदी. मुलगा 'दाखल' होतो, 'मुक्त' होतो. वस्तीत मात्र एकच शब्द चालतो, 'पोरगा रिमांडला होता', आणि त्या पोराला मिशा फुटल्या, पोरंबाळं झाली, तरी तो शब्द त्याला सोडत नाही.

मुलगा बाल न्यायालयापुढं उभा राहतो, तेव्हा मॅजिस्ट्रेटच्या हातात त्याच्याविषयी एक कागद असतो. घर कसलं आहे, घरात कोण आहे, ते त्याला परत घ्यायला राजी आहेत का, घेतलं तर सांभाळतील का. याला गृहचौकशी म्हणतात आणि ती आम्ही लिहायची. पोरगा घरी जाणार की दूरच्या संस्थेत, हे बहुतेक वेळा त्या दीड पानावर ठरतं. माझ्याकडं शहाडपासून बदलापूरच्या पलीकडच्या गावांपर्यंतचा भाग होता. उल्हासनगरच्या बराकी, विठ्ठलवाडी डेपोमागच्या चाळी, अंबरनाथच्या कामगारवस्त्या, सगळं पायाखालचं.

माणसं साहेबाला खरं सांगत नाहीत, हे पहिल्या वर्षातच कळलं. 'राजी आहात का?' असं विचारलं की सगळे राजीच असतात. म्हणून मी घरात शिरलो की बोलता बोलता पोराचे कपडे शोधायचो. खुंटीवर, दोरीवर त्याचा एखादा शर्ट असला, तर घर त्याची वाट बघतंय. कपडे धाकट्याच्या अंगावर गेले असतील किंवा बोचक्यात बांधून माळ्यावर टाकले असतील, तर बाप कितीही डोळे पुसो, मी सावध व्हायचो. हे कुठल्या प्रशिक्षणात शिकवलेलं नाही. आणि ते फारसं चुकलंही नाही.

बदलापूरपुढच्या एका गावात एक आजोबा होते. नातवानं दुसऱ्याच्या म्हशी सोडून विकल्या होत्या. मी छापील प्रश्न एकेक करून विचारत होतो. म्हातारा कंटाळला. म्हणाला, "सायेब, पोर आमचा हाय. म्हशी चोरल्या त्यानी, तुमी लिवा काय लिवाचा ता. पन त्याला आना. भाताची लावनी आलीय." एवढ्यावर मी तो अहवाल लिहिला. मॅजिस्ट्रेटबाई वाचून हसल्या आणि पोरगा लावणीला घरी पोचला. अशी माझी नोकरी चालली होती, आणि मी बरा अधिकारी समजला जात होतो. हे मुद्दाम सांगतो, कारण पुढचं काम एखाद्या कामचुकार माणसाचं होतं असं वाचणाऱ्याला वाटू नये. तसं असतं तर मला सोपं गेलं असतं.

मुलांची नावं छापू नयेत असा कायदा आहे, म्हणून या मुलाला मी मिलिंद म्हणतो. ऐंशीच्या दशकाची अखेर. राहणार अंबरनाथ. वडील तो लहान असतानाच गेले. आई, तिला शांताबाई म्हणू, उल्हासनगरला पाच नंबर कॅम्पात पापडाच्या कारखान्यात लाटायला आणि वाळवायला जायची. पंधरा वर्षांच्या मिलिंदनं दोन मोठ्या पोरांबरोबर एका कारखान्याच्या कुंपणातून तांब्याची तार काढली होती. मोठे पळाले, हा तारेचं भेंडोळं खांद्यावर घेऊन उभा राहिला. पहिलाच गुन्हा. अशी पोरं महिन्याभरात घरी जातात.

रविवारी निरीक्षणगृहात पालकांच्या भेटी असत. शांताबाई दर रविवारी यायची. एका रविवारी मी तिला म्हटलं, "बाई, मंगळवारी घरी येतो. चौकशी लिहायची आहे. कोर्टाची तारीखही तेव्हाच सांगतो."

"कवा येनार साहेब? म्हंजे मी खाडा करते."

"दुपारपर्यंत येईन."

"या. जेवूनच जावा."

तारीख पालकांना कळवणं हेही आमचंच काम होतं, आणि ती घरभेटीतच सांगायची पद्धत होती. हे लक्षात ठेवा.

मंगळवारी मी अंबरनाथला उतरलोच नाही. बदलापूरला सोनिवलीच्या बाजूला एका नव्या इमारतीत मी घर नोंदवलं होतं. बिल्डरचा निरोप आला होता, मंगळवारी येऊन कुठला फ्लॅट ते ठरवा, नंतर पसंती राहणार नाही. चाळीत अकरा वर्षं काढलेला माणूस मी. गेलो. दुसऱ्या मजल्याच्या उघड्या स्लॅबवर उभं राहून पलीकडची भातखाचरं बघितली, ओटा कुठल्या भिंतीला येणार ते बघितलं, बायकोला सांगायला पावलांनी खोल्या मोजल्या. परत निघेपर्यंत चार वाजले. म्हटलं, उद्या जाऊ अंबरनाथला. बुधवारी कचेरीत दुसरंच काम निघालं. गुरुवारी तारीख, आणि अहवाल सकाळी दहाला टेबलावर हवा.

मी लिहिलं, 'समक्ष भेट दिली असता घर बंद आढळले.'

आता आमच्यातली एक गोष्ट बाहेरच्यांना सांगायला हवी. नुसतं 'घर बंद आढळले' लिहिलं की अहवाल परत येतो. 'पुन्हा भेट द्या' असा शेरा पडतो आणि वरिष्ठ भुवया उंचावतात. म्हणून जुन्या लोकांनी नव्यांना शिकवलेली एक पुढची ओळ होती. ती लिहिली की अहवाल पुरा धरला जायचा. मीही ती लिहिली, 'शेजाऱ्यांकडे चौकशी करता पालक मुलास ठेवून घेण्यास उत्सुक नसल्याचे समजले.' हाताला सवय होती. पूर्वी ज्या घरांबाबत लिहिली तिथं मी गेलेलो तरी होतो, शेजाऱ्यांशी खरंच बोललेलो होतो. या वेळी ती ओळ आपोआप उतरली, आणि मी सही केली.

तारखेला शांताबाई नव्हती. कशी असेल? तिला तारीख सांगायला गेलंच कोण होतं? मॅजिस्ट्रेटबाई भल्या होत्या. त्यांनी विचारलं, "आई का नाही आली रे?" मिलिंद दाराकडं बघत म्हणाला, "येईल. ती येतेच." बाईंनी माझा कागद उचलला आणि त्याला समजावं म्हणून सोप्या भाषेत सांगितलं, "साहेब तुझ्या घरी जाऊन आले. शेजारी सांगतात, आई सध्या तुला ठेवून घ्यायला तयार दिसत नाही. तू काही दिवस संस्थेत राहा, हातात काहीतरी कला शीक."

मी चार फुटांवर उभा होतो. तोंड उघडलं असतं तर जास्तीत जास्त काय झालं असतं? मेमो मिळाला असता, एखादी वेतनवाढ गेली असती. त्या वेळी तेवढं मला फार मोठं वाटलं. मिलिंद रडला नाही. त्यानं दाराकडं बघणं बंद केलं, एवढंच.

रविवारी शांताबाई डबा घेऊन आली. पोरगा दूरच्या जिल्ह्यातल्या संस्थेत गेल्याचं तिला शिपायानं सांगितलं. ती माझ्या टेबलापाशी आली.

"साहेब, तुमी आलाच न्हाई मंगळवारी. मी दिसभर बसले होते."

माझ्या तोंडून निघालं, "मी आलो होतो. कुलूप होतं."

मला वाटलं, आता ही भांडेल, वरच्या साहेबांकडं जाईल. पण ती आठवत उभी राहिली. मग हळू म्हणाली, "नळाला पानी आलं व्हतं. दोन हंडे आनायला गेले. लई वेळ नाय लागला, साहेब. तेवढ्यातच आला असाल तुमी."

मी हो म्हणून मान हलवली. हलवली, हे खरं आहे.

त्यानंतर तिनं मला दोष दिला नाही. दोष तिनं त्या दोन हंड्यांना दिला. "आता काय करता येईल?" असं ती विचारायची, आणि मी म्हणायचो, "सहा महिन्यांनी अर्ज करू." अर्ज करायचा म्हणजे नवी गृहचौकशी लिहायची. नवी चौकशी लिहिली की जुनीतली ती ओळ कुठून आली हा प्रश्न निघणार. ती दोनदा एसटीनं त्या संस्थेत गेली. दोन्ही वेळा मिलिंद भेटीला बाहेर आला नाही. तिथल्या अधिकाऱ्यानं कळवलं, 'मुलगा आईस भेटण्यास नकार देतो. कारण सांगत नाही.' ते पत्र माझ्या टेबलावर आलं. कारण मला माहीत होतं. मी पत्र फायलीला लावलं.

अठरा पुरी झाल्यावर मिलिंद सुतारकाम शिकून बाहेर पडला आणि त्याला आमच्या भागात बसवून द्यायचं काम माझ्याकडं आलं. परत आणणं म्हणजे काय, हे लोकांना वाटतं तितकं गोड नसतं. रेशनकार्डावर नाव नसतं. भाड्यानं खोली मागितली की 'घरचं कोण आहे?' विचारतात. काम देणारा आधी विचारतो, 'आत कशासाठी होता?' मधली वर्षं कुठं होतास, याचं एक उत्तर पोराबरोबर बसून ठरवावं लागतं, खोटं नसलेलं आणि पुरं खरंही नसलेलं.

मिलिंद घरी जायला तयार नव्हता. मी त्याला उल्हासनगरच्या फर्निचर बाजारात एका सिंधी शेठकडं नेलं. म्हातारा मोठा बोलका होता. मिलिंदला वरपासून खालपर्यंत बघून मला म्हणाला, "साईं, ये लडका मेरी अलमारी बनाएगा, के मेरी अलमारी खोलेगा?"

मी काही बोलायच्या आत मिलिंद म्हणाला, "शेठ, आपकी अलमारी को ताला ही नहीं बैठता. पल्ला उतरलाय. पहले वो ठीक करता हूँ."

शेठ इतका हसला की खोकला लागला. "रख लिया! अरे, हम भी इधर एक पेटी लेके उतरे थे. कोई हमारी चौकशी करने नहीं आया." मग माझ्याकडं वळून म्हणाला, "बुरा मत मानना साईं." मी बुरा मानला नाही. पण ते वाक्य लक्षात राहिलं.

त्याच आठवड्यात मी अंबरनाथला शांताबाईच्या घरी गेलो. तीन वर्षांत पहिल्यांदा. शेजारणीनंच दार दाखवलं. ती बोलायला मोकळी बाई होती. "तुमीच का ते साहेब? तुमी येनार म्हनून त्या दिवशी आमच्याकडून कपबशा नेल्या होत्या बघा. साखरबी नेली. सांजच्याला तशाच परत आनल्या, न धुता. वापरल्याच नव्हत्या."

आत गेलो. भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर, खाली बुद्धाची लहान मूर्ती, कोपऱ्यात शेगडी. दोरीवर एक निळ्या रेघांचा शर्ट होता. पंधरा वर्षांच्या पोराच्या मापाचा. मी तिकडं बघतोय हे शांताबाईच्या लक्षात आलं. "महिन्यातून एकदा धुते," ती म्हणाली. "कुबट वास लागतो न्हाईतर."

तिथं सांगायचं होतं. तोंडाशी आलं होतं. मी सांगितलं एवढंच, की मिलिंद परत आलाय, अमक्या दुकानात आहे. ती दुसऱ्याच दिवशी गेली. मला हे शेठकडून कळलं. ती दुकानाच्या पायरीशी उभी राहिली. मिलिंद रंधा मारत होता. त्यानं एकदा वर बघितलं आणि पुन्हा रंधा मारायला लागला. शेठ म्हणाला, "बेटा, तेरी माँ है." मिलिंद म्हणाला, "काम चालू है, शेठ." थोड्या वेळानं ती निघून गेली.

ती माझ्याकडं आली, तेव्हा मला वाटलं आता तरी रागावेल. ती म्हणाली, "त्याचा राग बरोबर हाय, साहेब. आई असून दारात थांबता आलं न्हाई मला. पानी काय, सांजच्यालाबी आलं असतं."

मी म्हणालो, "वय आहे त्याचं. निवळेल."

निवळलं नाही. काही महिन्यांनी मिलिंदनंच विषय काढला. मी महिन्याच्या भेटीला गेलो होतो. शेठ जेवायला गेला होता. लाकडाचा भुसा पायानं सारत तो म्हणाला, "साहेब, एक विचारू? तुम्ही गेला होता ना घरी. शेजारी नक्की कोण बोललं?"

"कशाला आता?"

"नाही, सांगा ना. बाजूची मावशी बोलली का? मी लहानपणापासून तिच्याकडं जेवायचो. आई खरंच असं तिला बोलली असेल का, का मावशीनं मनानं सांगितलं? रात्रंदिवस तेच येतं डोक्यात. मनानं सांगितलं असेल तर गोष्ट वेगळी होते."

त्यानं दार स्वतःच उघडून धरलं होतं. मला फक्त एक वाक्य बोलायचं होतं. मी म्हणालो, "जुनं उकरून काय मिळणार, मिलिंद? पुढचं बघ."

त्यानं मान डोलावली. माझ्या शब्दाला तो फार मान देत असे. मी ती ओळ पहिल्यांदा लिहिली ती सवयीनं आणि आळसानं. या वेळी मात्र मला सगळं ठाऊक होतं. शर्ट पाहिलेला होता, कपबशांचं ऐकलेलं होतं. म्हणून मी या दिवसाला जास्त मोठा गुन्हा मानतो. आणि त्यात त्या शेजारणीवरही आळ राहिला, जिच्याशी मी तोवर एकदाच बोललो होतो, तेही सगळं होऊन गेल्यावर.

मिलिंद हुशार निघाला. नव्वदच्या दशकात बदलापूरकडं इमारती उठायला लागल्या, त्याला दारं-खिडक्यांची, स्वयंपाकघरातल्या कपाटांची कामं मिळायला लागली. पुढं स्वतःचा गाळा घेतला. खात्याच्या बैठकीत यशस्वी पुनर्वसनाचं उदाहरण म्हणून त्याचं प्रकरण वाचून दाखवलं गेलं, आणि वाचलं मीच. टाळ्या वाजल्या.

मग त्याचं लग्न ठरलं. पत्रिका घेऊन तो घरी आला. मी विचारलं, "आईला?"

"तिनं तेव्हाच सांगून टाकलंय ना साहेब, नको म्हणून."

विहारात लग्न झालं. मुलीकडची माणसं साधी, चौकशा करणारी. मुलीच्या मामानं विचारलं, "नवऱ्या मुलाकडून वडीलधारं कोण बसणार?" मिलिंदनं माझा हात धरला आणि मला पुढं नेऊन बसवलं. "हे साहेबच माझे आईबाप. माझ्या घरच्यांनी सोडलं तेव्हा यांनीच उभं केलं." पांढऱ्या कपड्यातल्या त्या नवरा-नवरीनं वाकून माझ्या पायाला हात लावला. मी आशीर्वाद दिला. त्रिशरण-पंचशील म्हणताना चौथ्या शीलाशी, खोटं न बोलण्याच्या शीलाशी, मी तेवढी ओळ गाळली. बायकोला वाटलं मला गहिवरून आलंय. मग मी पंगतीत जेवलोही. शांताबाईचं घर तिथून रिक्षानं दहा-पंधरा मिनिटांवर होतं.

पुढच्या वर्षी मी स्वेच्छानिवृत्ती घेतली. तब्येतीचं कारण दिलं. निरोपसमारंभात 'किती पोरांना मार्गाला लावलंत' असं भाषण झालं. संख्या मोठी असेलही. मला एकच आठवत होता.

हे छापून आल्यावर कोणी म्हणेल, बरं झालं, मोकळे झालात. छापणं म्हणजे सांगणं नव्हे. नावं बदललेली आहेत. मिलिंद दिवाळी अंक वाचणारा माणूस नाही. शांताबाईला अक्षरओळख नाही. हा अंक दोघांच्या हातात पडला नाही, तर त्यांच्यासाठी काहीच बदलणार नाही, आणि ती सोय मला कळते. लिहून बाजूला होणं हीसुद्धा माझी जुनी सवयच आहे.

शांताबाई अजून पापडाला जाते. गुडघे धरतात म्हणून आता बसून लाटायचंच काम करते. मिलिंदला गेल्या वर्षी मुलगी झाली. आपण आजी झालो हे शांताबाईला मीच सांगितलं, भाजीबाजारात भेटली तेव्हा. तिनं विचारलं, "कोनावर गेलीय?" मला सांगता आलं नाही. मी बघायला गेलो नव्हतो.

मिलिंदला मला हे सांगायचं आहे, की तुझी आई तुला नको म्हणाली नव्हती, कोणी शेजारी काही बोललं नव्हतं, ते वाक्य माझं होतं. शांताबाईला सांगायचं आहे, की मी त्या मंगळवारी तुझ्या दारात आलोच नव्हतो, तू पाण्याला गेलीस म्हणून काहीही झालेलं नाही. हे दोघांना समोर बसून सांगायचं आहे, आणि मग ते जे बोलतील ते ऐकून घ्यायचं आहे. आज हे लिहीपर्यंत मी ते केलेलं नाही.